शिक्षकांचा बसलेला आवाज आणि गटात घेतलेली थेरपी: खान्देशातल्या कोणी केली आहे का?

खडू_डस्टर

शिक्षकाचा आवाज बसला की आपल्याकडे उपाय दोनच. ज्येष्ठमधाची कांडी, नाहीतर "सुट्टी लागली की सुटेल". माझा खरोखरच सुट्टीत सुटायचा आणि शाळा उघडली की आठवड्याभरात पुन्हा बसायचा.

मी अमळनेर तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववी-दहावी, पटावर साठच्या वर पोरं, डोक्यावर पत्रे. तिसऱ्या तासापर्यंत आवाज पुरतो, पाचव्याला फाटतो. संध्याकाळी फोन उचलला तर पलीकडून "सर, मॅडमना द्या ना जरा" असं ऐकू येतं. जळगावला कान-नाक-घसा डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं: दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी, म्हणजे नोड्यूल. कुदळीने हाताला घट्टे पडतात तसंच, म्हणाले. ऑपरेशन नको, आधी थेरपी करा.

थेरपिस्टनी विचारलं, एकटीने करायची की शिक्षकांच्या गटात? मी गट निवडला, खरं सांगायचं तर फी कमी म्हणून. जिल्हा परिषदेचे दोन गुरुजी, एक अंगणवाडीताई, क्लासमध्ये गणित शिकवणारे एक सर, ज्युनिअर कॉलेजच्या एक मॅडम आणि मी. रविवारी सकाळी तासभर.

पहिल्या दिवशी सगळ्यांना पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवून "ऊऊऊ" करत बुडबुडे काढायला लावले. मोठमोठी माणसं, कोणी केंद्रप्रमुखाला घाबरत नाही, आणि इथे एकमेकांकडे बघायला लाजतायत. मग ओठांची फुर्र. मग तोंड मिटून "म्‌म्‌म्", ओठांना आणि नाकाच्या मुळाशी झिणझिण्या येईपर्यंत. मग त्याच झिणझिण्या धरून शब्द: "मामी, मला मांडे". (मांडे ऐकून कोणाचंच लक्ष आवाजावर राहत नाही, हे थेरपिस्टना कळायला हवं होतं.) त्यानंतर वाक्य, मग हजेरी, मग फळ्याकडे पाठ करून समजावणं.

या सगळ्यात मला खरा उपयोग झाला तो दुसऱ्यांचं ऐकण्याचा. आपला आवाज आपल्याला कवटीतून ऐकू येतो, त्यामुळे तो किती ताणलाय ते कळत नाही. पण समोरचे गुरुजी "बसा रे खाली" म्हणाले की त्यांच्या मानेची शीर दिसते, हनुवटी पुढे येते, श्वास संपला तरी वाक्य ढकलत नेतात तेही दिसतं. दुसऱ्याचं पकडता आलं की मग स्वतःचं पकडता येतं. घरी आरशासमोर एकटीने केलं असतं तर व्यायाम झाला असता, हे झालं नसतं.

पुढच्या रविवारी बाकीचे पाच जण विद्यार्थी झाले आणि मुद्दाम गोंधळ घालू लागले. अंगणवाडीताईंनी तर बाकाखालून मांजराचा आवाज काढला. त्या गोंधळात आवाज न चढवता शिकवायचं. हे एकाच माणसाच्या थेरपीत कसं करणार?

खान्देशात आणखी कोणी असा गट केलाय का? टिकला का फायदा? आणि शाळेने काही मदत केली का?

तापीकाठचा_मास्तर

वाचतोय. आमनी शायामा चार वर्ग नी दोन मास्तर, त्यातला एक कायम मीटिंगला. आवाज बठनार नही ते काय व्हई?

पाटीपेन्सिल_६२

ताई, राग मानू नका, पण ही सगळी नवीन थेरं आहेत. मी छत्तीस वर्षं पारोळा तालुक्यात शिकवलं. माईक नव्हता, थेरपिस्ट नव्हता. सकाळी मिठाच्या गुळण्या, रात्री हळदीचं दूध. आमचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा. हल्लीच्या शिक्षकांना श्वास घेऊन बोलायची सवयच नाही.

खडू_डस्टर

@पाटीपेन्सिल_६२ गुरुजी, शेवटचं वाक्य अगदी बरोबर आहे, थेरपिस्टही तेच म्हणतात. पण तुमच्या वेळी वर्गात चार पंखे घरघरत होते का? आमच्या पत्र्याच्या वर्गात पाऊस आला की मी शिकवणं थांबवते आणि पोरांना वाचायला देते. आणि तुमच्या बरोबरीच्या कितीजणांचा आवाज चाळिशीतच घोगरा झाला होता ते आठवून बघा. घोगरा आवाज म्हणजे "मास्तरी आवाज" असं समजून कोणी डॉक्टरकडे गेलंच नाही.

स्वरयंत्रवाली

मी स्पीच थेरपिस्ट आहे, धुळ्यात काम करते. खडू_डस्टर ज्या गटात जातात तो माझा नाही, पण पद्धत ओळखीची आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे २०० च्या आसपास. आता हिशोब करा. शिक्षिकेने दिवसभरात तुकड्यातुकड्याने मिळून दोन तास प्रत्यक्ष आवाज काढला, तर ७२०० सेकंद गुणिले २००, म्हणजे १४ लाख ४० हजार टकरा. ओरडून बोललं की प्रत्येक टक्कर जास्त जोराची. नोड्यूल बायकांमध्ये जास्त दिसतात त्याचं एक कारण ही टकरांची जास्त संख्या. गाठी येतात त्याही जिथे टक्कर सर्वात जोराची बसते तिथेच, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या जागी.

स्ट्रॉचा खेळ गमतीचा दिसतो, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. तोंडापाशी वाट अरुंद केली की हवेचा दाब उलटा मागे येतो आणि स्वरतंतू कमी आपटून चांगले कंप पावतात. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकापासून पाण्यात बुडवलेल्या काचेच्या नळीने हेच करतात. नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवायचं. खोल बुडवून जोर लावलात तर व्यायामाचा उद्देशच बुडाला.

गुरुजींच्या मिठाच्या गुळण्यांबद्दल: गुळणीचं पाणी घशापर्यंत जातं, स्वरतंतूंपर्यंत नाही. तिथे पोहोचलं तर ठसका लागेल. पिण्याचं पाणीही त्यांच्यावरून जात नाही. ते शरीरात भिनून मग आतून ओलावा देतं, म्हणून तासाच्या आधी एकदम बाटलीभर पिण्यापेक्षा दिवसभर घोट घोट प्या. शाळेतल्या बाथरूमची अवस्था बघून शिक्षिका पाणीच पीत नाहीत, हा आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचा विषय आहे आणि त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही.

गुरुजी, "पूर्वी माईक नव्हता" याचं उत्तर थोडंफार लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच देऊन ठेवलंय. भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. ठरवून नाही, आपोआप. म्हणून "हळू बोला" हा सल्ला पंख्याखाली टिकत नाही, सराव लागतो, आणि तो गोंधळातच करावा लागतो. गटात पाचजण गोंधळ घालतात तो याच कारणाने.

भरीत_पार्टी

मॅडम, थंडीत भरीत-कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा बंद करायला लावणार असाल तर आत्ताच सांगा, मी धागा सोडतो.

स्वरयंत्रवाली

खा. पण शेतात रात्री अकराला भरीत खाऊन साडेअकराला आडवे होऊ नका. पोटातलं आम्ल वर येऊन घसा चुरचुरतो तो जेवून लगेच झोपणाऱ्यांचा. ज्यांना असा त्रास नाही त्यांना मी कधी तिखट सोडायला सांगितलेलं नाही. खान्देशात प्रॅक्टिस करायची आहे मला.

मिस्टर_मुख्याध्यापिका

बायको चोपडा भागात शिक्षिका आहे. शाळेतून आली की बोलतच नाही, इशारे करते. मुलगी आधी हसायची, आता तीही खोलीत निघून जाते. कोणी सांगितलं पूर्ण मौन पाळा, म्हणून रविवारी मौन. सोमवारी परत तेच. मध्येच कुजबुजून बोलते, त्याने आराम मिळतो म्हणते. गटात नेऊ का? ती म्हणते परक्या पुरुषांसमोर ओठ फुरफुरवणार नाही.

स्वरयंत्रवाली

पूर्ण मौन बहुधा ऑपरेशननंतर थोडे दिवस किंवा आवाज अचानक गेला तर सांगतात. रोजच्या ताणावर रविवारचं मौन म्हणजे आठवडाभर उन्हात उभं राहून एक दिवस टोपी. कुजबुज ही विश्रांती नाही, पुष्कळजण कुजबुजताना घसा आणखी आवळतात. त्यापेक्षा हळू, सैल आवाजात, जवळ जाऊन बोला. सतत खाकरायची सवय असेल तर ती आधी सोडवा. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट, नाहीतर नुसता आवंढा.

गटात नेण्याआधी दुर्बिणीने तपासणी झाली पाहिजे. हे मी अक्षरशः दारावर लिहून लावलंय. नोड्यूल असलेले आणि गाठ नसताना नुसते घशाचे स्नायू आवळून बोलणारे, हे दोघं गटात छान बसतात. एका बाजूचा स्वरतंतू हलत नसेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, बोलताना आवाज मध्येच तुटत असेल, तर एकट्याने उपचार. थायरॉइडही बघून घ्या, त्यानेही आवाज जाड होतो.

लाजेबद्दल: फक्त बायकांचा गट मागा. मी चालवते तसा, चाळीसगावहून पण येतात.

जिनिंगवाला

मी शिक्षक नाही. आमच्याकडे जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या धुळीत दिवसभर ओरडून काम चालतं. आमचाही घसा असाच. पण आमच्या एका मुकादमाचा आवाज तीन महिने बसलेला होता, सगळे म्हणायचे धूळ आहे, धूळ आहे. निघाला घशाचा कॅन्सर. तंबाखू होती. हे लिहावंसं वाटलं.

स्वरयंत्रवाली

@जिनिंगवाला बरं केलंत. म्हणून पुन्हा सांगते: सर्दी-खोकला नसताना आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टर. तंबाखू, मिश्री, विडी असेल तर तेवढंही थांबू नका. गिळताना दुखणं, थुंकीत रक्त, मानेत गाठ, श्वासाला घरघर, यापैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. टीबी स्वरयंत्रातही होतो. शिक्षक आहे म्हणजे शिक्षकाचाच आजार असेल असं धरून चालू नका.

सातपुड्याचा_वारा

अक्राणीकडच्या आश्रमशाळेत आहे. तुमचे सहा-सात तास, आमचे किती विचारू नका. पहाटेची प्रार्थना, वर्ग, जेवणाची रांग, संध्याकाळचा अभ्यास, रात्री हॉस्टेलची हजेरी. पहिलीतली पोरं घरी पावरी-भिली बोलतात, मराठी समजत नाही, म्हणून माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. मोठ्याने बोललं की भाषा समजते असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

मी माझ्यापुरतं एक केलं. मैदानावर ओरडणं बंद. ढोलाचे दोन ठोके म्हणजे रांग, तीन म्हणजे जेवण. वर्गात हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून गप्प. पोरांना ढोल वाजवायची बारी मिळते म्हणून ती स्वतःच शिस्त लावतात. आवाज निम्मा वाचला. उरलेल्या निम्म्यासाठी थेरपी पाहिजे, पण जळगाव-धुळ्याला यायचं म्हणजे दिवस जातो. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारलं तर थेरपिस्ट लहान मुलांच्या तपासण्यांत अडकलेले. ऑनलाइन गट होतो का?

स्वरयंत्रवाली

ढोलाची आयडिया मी चोरतेय.

ऑनलाइन होतं, पण दोन अडचणी. दुर्बीण ऑनलाइन घालता येत नाही, ती एकदा प्रत्यक्षच. आणि व्हिडिओ कॉलचं ॲप "म्‌म्‌म्" ला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं, मला काहीच ऐकू येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आवाज गाळणारा पर्याय बंद करावा लागतो. शिवाय सहाजणांनी एकदम आवाज काढला तर एकाचाच येतो, म्हणजे गटाची अर्धी मजा गेली. पहिल्या दोन-तीन भेटी समोरासमोर, मग मधूनमधून ऑनलाइन, असं जमतं.

गणित_क्लास_धरणगाव

खडू_डस्टर ताईंच्या गटातला "गणिताचे सर" मीच. मांजर प्रकरणाचा साक्षीदार.

दुसरी बाजू मांडतो, कारण ताई गटावर फारच खूश आहेत. गटात वेळ पुरत नाही. सहाजण, एक तास, म्हणजे थेरपिस्टचा हात माझ्या वाट्याला दहा मिनिटं. माझ्या स्वरतंतूंवर गाठ नाही, मी घसा आवळून बोलतो, मला मानेचे आणि जबड्याचे स्नायू सैल करायला जास्त वेळ हवा होता. शेवटी मध्ये दोन भेटी एकट्याने घेतल्या तेव्हा गाडी पुढे सरकली. आणि एक गुरुजी घरी सराव न करता यायचे, त्यांच्यासाठी दरवेळी पहिल्यापासून.

पण आवाजाचा त्रास मोजायची जी दहा प्रश्नांची यादी भरून घेतात, तिच्यातला माझा आकडा निम्म्यावर आला हेही खरं. बहुतेक माईकमुळे. कंबरेचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माईक घेतला, दीड हजाराच्या आत. क्लास माझाच आहे, परवानगी कोणाची घ्यायची नव्हती.

खडू_डस्टर

@गणित_क्लास_धरणगाव सर, घरी सराव न करणारे गुरुजी हा धागा वाचत असतील!

माईकचं आमच्याकडे विचारलं तर वरून उत्तर आलं, "शाळा आहे की मंगल कार्यालय?" आणि शेजारच्या वर्गाची मधली भिंत छतापर्यंत नाही, त्यामुळे तिथल्या सरांचीही हरकत.

स्वरयंत्रवाली

माईकवर हसणाऱ्यांना हे दाखवा. २००२ मध्ये अमेरिकेत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी आवाजाचा त्रास असलेल्या ४४ शिक्षकांचे तीन गट केले. एकाला वर्गात वापरायला माईक-स्पीकर, दुसऱ्याला नुसता उपदेश (पाणी प्या, ओरडू नका, खाकरू नका), तिसऱ्याला काहीच नाही. सहा आठवड्यांनी माईकवाल्यांचा आवाज स्पष्टपणे सुधारला. उपदेशवाल्यांमध्ये दखल घेण्याजोगा फरक नाही. काहीच न मिळालेले आणखी बिघडले. आपल्याकडे शिक्षक प्रशिक्षणात आवाजावर कधी तासभर मिळालाच, तर तो दुसऱ्या गटाचा असतो.

माईक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापाशी दोन बोटांवर ठेवा, म्हणजे श्वासाचा फसफस आवाज येत नाही. स्पीकर माईकच्या मागे गेला की किंचाळतो, तो पुढच्या बाजूला. आवाज मोठा ठेवायचाच नाही. शेवटच्या बाकाला बोलण्याच्या आवाजात ऐकू आलं की पुरे. शेजारच्या वर्गाला त्रास ओरडण्याचा जास्त होतो, माईकचा नाही, हे त्या सरांना एक तास ऐकवून दाखवा.

संघटनेचा_नाही

मूळ प्रश्न बाजूला राहतोय. शिक्षकाचा आवाज हे त्याचं कामाचं हत्यार आहे, ते कामामुळे बिघडतं, तर खर्च त्यानेच का करायचा? अमेरिकेत आयोवा आणि युटा राज्यांत मोजलं तेव्हा ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा विकार होता, इतरांत ६.२ टक्के. २००४ चा अभ्यास आहे. पोलंडमध्ये शिक्षकांच्या आवाजाचे विकार व्यवसायजन्य आजार धरतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता, पण शिक्षक कारखान्यात नाही आणि त्याचा घसा कुठल्याच यादीत नाही. किरकोळ रजा टाकून, एसटीचं तिकीट स्वतः काढून, रविवार घालवून गटात जायचं. मग त्याला "किती छान उपक्रम" म्हणायचं.

तापीकाठचा_मास्तर

+१. पण यादीत नाव येईस्तोवर मना गया (गळा) राही का?

पाटीपेन्सिल_६२

वाचलं सगळं. कारखान्याच्या यादीचं पटलं. बाकी माझं मत बदललेलं नाही, श्वास महत्त्वाचा. मात्र आमच्या वेळी शाळेला मधल्या सुट्टीत घंटा होती आणि वर्गात तीसच पोरं होती, हे मान्य करतो. माझी सून शिक्षिका आहे, धागा तिला पाठवलाय. थेरपिस्ट खरा की खोटा कसं ओळखायचं?

स्वरयंत्रवाली

गुरुजी, भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते विचारा. क्रमांक विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. चार वर्षांची पदवी असते, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. गाणं शिकवणारे, संवाद कौशल्याचे क्लास घेणारे चांगले असतील, पण गाठ असलेल्या घशाला त्यांनी हात लावू नये.

सूनबाईंना घरी एक करून बघायला सांगा. पोटभर श्वास घेऊन "स्‌स्‌स्" किती सेकंद टिकतो ते मोजा, मग "झ्‌झ्‌झ्" घासून, आवाजासकट. दोन्ही जवळपास सारखे टिकले पाहिजेत. "झ" फारच लवकर तुटत असेल तर स्वरतंतू नीट मिटत नसावेत, दाखवून घ्या. हे निदान नाही, नुसता इशारा.

मिस्टर_मुख्याध्यापिका

आत्ताच करून घेतलं. "स" सतरा, "झ" नऊ. तपासणीची वेळ घेतो. फक्त बायकांच्या गटाला हो म्हणाली, तोही सुट्टीच्या दिवशी असेल तर.

सातपुड्याचा_वारा

नंदुरबारला गट होऊ शकतो का? धुळ्याहून मॅडम येऊ शकत असतील तर पाचजण मी जमवतो. आमच्या शाळेतले तीन आहेत, तळोद्याकडचे एक सर तयार आहेत, अक्कलकुव्याची एक अंगणवाडीताई विचारून सांगते म्हणाली. दुर्बिणीची तपासणी आम्ही आधी करून ठेवू.

स्वरयंत्रवाली

महिन्यातून दोनदा येऊ शकते, बाकी ऑनलाइन. सहाच्या वर नको. खोलीत पंखा असलेला चालेल, उलट बरंच. रविवार ठेवू?

सातपुड्याचा_वारा

रविवार नको मॅडम, आश्रमशाळेला रविवारी पालक भेटायला येतात, आणि त्याच दिवशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं. शनिवार दुपार चालेल का? आणि स्ट्रॉ आम्ही आणायचे की तुम्ही?